करुणाताईनं ठेवलेलं नाव

कासुर्डीला सासरी आले आणि पहिले दोन महिने मी त्या घरात बिननावाची राहिले.

माझी मोठी नणंद करुणाताई. जन्मापासून तिला दिसत नाही, ऐकूही येत नाही. माणूस ती हातानं ओळखते आणि ओळख पटली की त्याला नाव ठेवते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचं नाव मनगटावर दोन टिचक्या. माझ्या मालकांचं, सतीशचं, नाव कानाची पाळी ओढायची. लहानपणी ताईनं ती ओढली की ते रडायचे म्हणे. दुकानवाले भिमाजीमामा म्हणजे ओठावर फिरवलेलं बोट, मिशी. मामांनी मध्यंतरी मिशी काढली, तर ताईनं तोंड चाचपून त्यांच्या हातचा गूळ परत दिला. मामांनी मुकाट्यानं मिशी वाढवली.

मला मात्र नाव नाही. शिरूरहून, माहेरून, शेंगदाण्याचे लाडू आणले. तिच्या हातात दिले. ताईनं लाडू खाल्ला आणि माझा हात झटकला.

"माझ्यावर राग हाय का त्यांचा?" मी आत्याबाईंना विचारलं.

"राग कशाचा! कासार बांगड्या भरतो तसा वरनं हात आवळतीस तिचा. तिचे हात म्हंजी डोळे हायेत, बाई. तू आपला हात तिच्या हाताखाली दे. वाटलं तर ठिवंल ती."

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. ताई शेजारी येऊन बसली. मी पिठाचे हात तसेच तिच्यापुढं धरले. बऱ्याच वेळानं तिचे हात माझ्या हातांवर आले. मग थापताना माझ्या हातांबरोबर तिचेही हात नाचायला लागले. माहेरी आमच्या चपात्याच जास्त. भाकरी उचलली आणि मधोमध फाटली. ताईनं ती भेग कडेपर्यंत बोटानं तपासली, अन् तिचे खांदे गदागदा हलायला लागले. ताई हसते ती अशी. माझा तळहात ओढून तिनं त्यावर दोन थापा मारल्या आणि नखानं मधून कडेपर्यंत रेघ ओढली.

"झालं बारसं!" आत्याबाई म्हणाल्या. "फाटकी भाकरी!"

"दुसरं ठेवायला सांगा की, आत्या."

"मामांनी मिशी वाढवली, तू भाकरी शीक."

संध्याकाळी बुद्धवंदनेला ताई आत्याबाईंच्या पाठीवर तळवा ठेवून बसते. म्हटलेलं तिला तिथं कळतं. त्या दिवशी दुसरा तळवा माझ्या पाठीवर आला. मी त्रिशरण जरा मोठ्यानंच म्हटलं.

आता माझी भाकरी टम्म फुगते. ताईनं ती सगळीकडून चाचपली, खाल्ली आणि माझ्या तळहातावर पुन्हा तीच रेघ ओढली.