चिठ्ठी एकदा डब्यात पडली की

मी काय वाचते हे माहीत नव्हतं, तोवर आईला माझ्या वाचनाचं फार कौतुक होतं. आलेल्या-गेलेल्याला ती सांगायची, "हिचं पुस्तक बरं आणि ही बरी." पुस्तकं इंग्रजी, मुलगी इंग्रजी शाळेत शिकलेली, तेव्हा ती अभ्यासाचीच असणार, असा घरात सगळ्यांचा समज होता. मी तो मोडला नाही. मी तोंड उघडून कुणाचे समज मोडणाऱ्यातली नव्हते.

मी प्रेमकथा वाचते. दोन माणसं भेटतात, भांडतात, दूर जातात आणि शेवटच्या पानाच्या आत एकमेकांची होतात. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, आणि तरीही मधल्या पानांवर जीव टांगणीला लागतो. हे सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा लिहून बघावं. माझ्या एका मामांच्या मते चांगली कादंबरी म्हणजे जिच्यात शेवटी बाई विहीर जवळ करते. बाई सुखात राहिली की ते साहित्य नाही, टाइमपास. मी मामांना कधी उत्तर दिलं नाही, पण तेव्हापासून विहिरीची पुस्तकं वाचणं सोडलं.

फोनवर वाचणाऱ्यांचा एक ग्रुप होता. तिथे दर महिन्याला एक विषय द्यायचे: आधीचे शत्रू, दुसऱ्यांदा पडलेलं प्रेम, खोटं खोटं लग्न. त्या विषयावरची एक प्रेमकथा वाचायची आणि महिनाअखेरीला तिच्याबद्दल लिहायचं. मी वाचायचे, लिहायचे, आणि पाठवायच्या आधी खोडून टाकायचे. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अनोळखी बायकांचीसुद्धा मला लाज वाटायची.

एकदा लिफ्टमध्ये फोनवर वाचत होते, तर माझ्या खांद्यामागून आवाज आला, "ह्यातला तो डॉक्टर सुधारतो शेवटी. पण फारच उशिरा."

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आपा होत्या. श्रीवर्धनकडच्या, बँकेत नोकरी, बोलणं एकदम तडक. मी फोन छातीशी धरला.

"लपवतेस काय? मी तिसऱ्यांदा वाचलंय ते."

कामोठ्याला राहायला आल्यापासून त्या लिफ्टमधून मी रोज जात होते. माझ्याच मजल्यावर माझ्यासारखं कुणी असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

भिशीची कल्पना आपांची. "एकटीने वाचून काय मजा? भिशीसारखं करू. दर महिन्याला एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिने विषय द्यायचा आणि शेवटच्या रविवारी सगळ्यांना घरी बोलवायचं. पैसे नाहीत. प्रत्येकीने एक पुस्तक वाचून यायचं आणि त्याची गोष्ट सांगायची." त्यांच्या बँकेतल्या तिघी आल्या. त्यांतली सानपाड्याला राहणारी तर गोष्ट सांगताना स्वतःच रडायची. आणि तळमजल्यावरच्या काकू आल्या. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचं भातशेत होतं. आता खालचे गाळे त्यांचे आहेत आणि दुपारची त्यांना सवडच सवड असते. काकू मराठी वाचतात, इंग्रजी नाही. म्हणून नियम झाला: वाचा कुठल्याही भाषेत, सांगायचं मराठीत.

तो नियम मला जड गेला. इंग्रजीत वाचताना जे शब्द डोळ्यांखालून सहज जातात, ते मराठीत जिभेवर आले की भाजतात. पहिल्या रविवारी मी माझी गोष्ट कशीबशी शेवटाजवळ आणली आणि म्हणाले, "मग ते जवळ येतात."

"जवल म्हंजे किती जवल?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे... जवळ."

"बायो, तू सांगतंस का लपवतंस?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत कान तापलेले होते. तरी पुढच्या महिन्यात गेले. आणि त्याच्या पुढच्या. आईला वाटायचं मी आपांच्या मुलीचा अभ्यास घ्यायला जाते. हा समजही मी मोडला नाही.

मग माझ्या नावाची चिठ्ठी निघाली, आणि आपल्या घरी बायका येणार हे आईला सांगणं भाग पडलं.

इथे आईबद्दल सांगायला हवं. आमच्या सोसायटीची भिशी आई चालवते, मला आठवतं तेव्हापासून. पैशांची, खरी भिशी. तिचा पत्र्याचा डबा देवघराखालच्या कप्प्यात असतो. चिठ्ठ्या काढायच्या वेळी तो हातात असताना ती कुणाचा फोनसुद्धा घेत नाही. एकदा बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून फोन करकरून थकले होते. मागच्या वर्षी बी विंगमधल्या एक बाई पुण्याला राहायला जाणार म्हणून मधेच बाहेर पडायला निघाल्या, तेव्हा आईने दारातच सांगितलं, "चिठ्ठी एकदा डब्यात पडली की वर्षभर बाहेर येत नाही. पुण्याला जा नाहीतर दुबईला." त्या बाई पुण्याहून वर्षभर आल्या.

आईने माझं सगळं ऐकून घेतलं. कणीक मळता मळता एकच प्रश्न विचारला, "असली पुस्तकं वाचायला बायका एकत्र जमतात?"

"हो."

"आणि तू लग्नाची मुलगी."

तेवढ्यावर भागलं असं मला वाटलं. पण दोन दिवसांनी खारघरहून एका स्थळाचा निरोप आला. मुलगा पुण्याला नोकरीला, सुट्टी मिळत नाही, एका दिवसासाठी येणार. कधी? तर त्याच रविवारी, चार वाजता.

"तुमचं ते वाचायचं पुढच्या रविवारी करा," आई म्हणाली.

"नाही."

तिला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा नाही म्हणाले. या घरात मी आजवर बऱ्याच गोष्टी केल्या नाहीत, पण 'नाही' म्हणून नाही. नुसतं गप्प राहून, विसरल्यासारखं करून. तोंडाने म्हटलेला 'नाही' मला स्वतःलाच परका वाटला.

"अगं, पैसेसुद्धा नाहीत त्यात. कसली भिशी ती?"

"बी विंगच्या त्या बाईंना काय सांगितलंस तू? पुण्याला जा नाहीतर दुबईला. माझी चिठ्ठी डब्यात पडली आहे. निघालीपण आहे. पाच जणी महिनाभर मी दिलेला विषय वाचतायत."

हॉलमधून बाबा म्हणाले, "मुद्दा आहे तिचा."

"तुम्ही पेपर वाचा," आई म्हणाली.

गंमत म्हणजे मी दिलेला विषय होता, 'आधी ठरवून लग्न, मग प्रेम'. लग्नाला माझी ना नव्हती. मुलगा पाहायलाही ना नव्हती. शनिवारी चाललं असतं, त्याच्या पुढच्या महिन्यात चाललं असतं. पण माझ्या आयुष्यात मी स्वतः निवडलेली, स्वतः पाळलेली ही एकच गोष्ट होती, आणि पहिली हाक आल्याबरोबर तीच बाजूला सारायची हे मला मान्य नव्हतं.

आईने शेवटी खारघरला फोन लावला. तिच्या हाताला पीठ होतं म्हणून फोन ओट्यावर, स्पीकरवर.

"त्या रविवारी जरा अडचण आहे हो. हिची भिशी आहे आमच्याकडे."

मुलाच्या आईचा आवाज प्रसन्न होता. "अगं बाई, एवढ्या लहान वयात भिशी? बचतीची सवय चांगली हो. आमच्या मुलालाही असलीच मुलगी हवी."

"हो ना," आई म्हणाली.

मला फक्त गप्प राहायचं होतं. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. रविवार माझा राहिला असता आणि वर बचत करणारी मुलगी म्हणून नावही झालं असतं. पण मला एकदम पुढचं सगळं दिसलं. ते घर, तो पहिला चहा, आणि उशीखाली सारलेलं पुस्तक. आज हो ना, उद्या हो ना, मग ते पुस्तक जन्मभर उशीखालीच.

मी ओट्याजवळ गेले. "काकू, ती पैशांची भिशी नाही. आम्ही प्रेमकथा वाचतो. दर महिन्याला एक."

आईचे हात परातीत तसेच थांबले.

"अस्सं," पलीकडून आवाज आला. मग, "छान. लग्नानंतर काही वेळ मिळत नाही म्हणा, असलं वाचायला."

"मी काढेन वेळ."

"बरं. कळवतो आम्ही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

  आईने पोळ्या केल्या, वाढल्या, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. "दूध आलंय." "गिझर बंद कर." खारघरहून काही कळलं नाही. आई फोन जवळ घेऊन फिरत होती. मीही तिचा फोन वाजला की थबकायचे, हे खोटं सांगणार नाही. स्थळ हातचं जाण्याची भीती मला वाटत होती. पण बोललेलं परत घ्यावं असं एकदाही वाटलं नाही.

रविवारी सकाळी मी बाहेरून समोसे आणायला निघाले, तर ओट्यावर भिजून फुललेला साबुदाणा होता. बाजूला उकडलेले बटाटे, कुटलेले दाणे.

"हे कशाला?"

आईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "माझ्या घरी भिशी होती आणि समोसे बाहेरून आले, असं कुणी म्हणायला नको."

चारला सगळ्या आल्या. काकूंनी आल्या आल्या सोफ्याचा कोपरा धरला आणि सुरुवात केली. "या पुस्तकान त्यो नवरा सहा महिने बायकोशी बोलतच नाय. लाजतो म्हने. आरं, लाजतोस तर लगीन कशाला केलंस?" आपा म्हणाल्या, त्यांच्या पुस्तकातला बोलतो, पण फक्त हिशोबाचं, तो न बोललेलाच बरा. आई आत वडे तळत होती. तेलाचा आवाज मधेमधे एकदम थांबायचा. घाणा संपला म्हणून असेल.

माझी पाळी आली. माझ्या पुस्तकातल्या दोघांचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं असतं. ती दिवसभर कुणाशी बोलत नाही आणि त्याला वाटतं तिला तो आवडत नाही. एक दिवस तो तिला विचारतो, तुला काय आवडतं? इतक्या दिवसांत कुणीच विचारलेलं नसतं. ती सांगत सुटते, आणि तो बसून ऐकतो. जेवण निवून जातं तरी ऐकतो.

मी तिथपर्यंत आले, आणि वड्यांचं ताट घेऊन आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पाचही जणींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'मग ते जवळ येतात' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"मग ती त्याचं चुंबन घेते," मी म्हणाले. "ती घेते. तो नाही."

आईने ताट टीपॉयवर ठेवलं, जरा जोरातच. "गरम आहेत. आधी खाऊन घ्या."

"थांबा ओ वैनी," काकू म्हणाल्या, "आता तर कुठं पोरीला वाचा फुटली."

वडे संपले. आपांनी आमचा डबा काढला, श्रीखंडाचा, प्लास्टिकचा. चिठ्ठी भिशीबाहेरच्या कुणी काढायची असा आमचा नियम, आणि त्या दिवशी आपांची मुलगी क्लासला गेलेली, बाबा बायका येणार म्हणून बाहेर पडलेले. भिशीबाहेरचं घरात एकच माणूस होतं.

"आई, तू काढ."

ती नाही म्हणेल असं मला वाटलं. तिने पदराला हात पुसले, डब्याचं झाकण उघडलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही काय पद्धत? एक गुंडाळलेली, एक चुरगळलेली. हाताला कळतं कुणाची कुठली." तिने सगळ्या चिठ्ठ्या टीपॉयवर ओतल्या, एकेक उलगडून सपाट केली आणि सगळ्यांना सारख्या घड्या घातल्या, नखाने दाबून.  मग तिने डबा बंद केला आणि हलवायला लागली. नुसता शास्त्रापुरता नाही. खऱ्या भिशीचा हलवते तसा, वरखाली, कानाशी धरून.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तो टीपॉयवर, रिकाम्या ताटाशेजारीच होता, आणि पडद्यावर खारघरच्या बाईंचं नाव सगळ्यांना दिसत होतं. 

आईने फोनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"डबा हातात आहे," ती म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, आणि हलवत राहिली.

फोन वाजून वाजून थांबला. आईने झाकण उघडलं, तोंड दुसरीकडे वळवून एक चिठ्ठी उचलली, चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून वाचली. काकूंचं नाव होतं.

"हं," ती काकूंना म्हणाली, "विषय बोला."