दादाच्या कादंबरीतला नारळ

माझा दादा आज सकाळी गेला. आणि तो नास्तिक नव्हता.

हे आधी सांगते, कारण दुपारपासून व्हॉट्सअॅपवर फिरतंय, ‘श्रद्धेविरुद्ध बंड करणारा लेखक हरपला’.
कसलं डोंबलाचं बंड.

दादाने आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, साठच्या दशकात. भर समुद्रात अडकलेले बाप-लेक, मोडकी होडी आणि देवीला बोललेला नारळ.
शेवटी पोरगा तो नारळ फोडतो, बापाला पाणी पाजतो. बाप जगतो.

शहरातले प्रोफेसर म्हणाले, नारळ हा सिम्बॉल आहे.
असेल बाबा. आमच्या घरात तो नारळ खराखुरा होता.

तेव्हा नवी मुंबई नव्हती. आमचं कोळ्यांचं गाव, खाडी आणि मिठागरं, बास.
बाबांनी नवी होडी बांधली होती. पहिल्या फेरीला होडीच्या टोकाला नारळ बांधायचा आणि ती सुखरूप परत आली की देवळात फोडायचा, अशी आमची रीत. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही.

त्याच पहिल्या फेरीत वाऱ्यात डोलकाठी मोडली. पाण्याचं मडकं तिच्याखाली फुटलं. होडी वाहत खाडीबाहेर गेली.
होडीत दोघंच, बाबा आणि दादा. दादाला नुकती मिसरूड फुटत होती.

चहूकडे पाणी आणि प्यायला घोटभर नाही.
दोन-तीन दिवसांनी बाबांची जीभ सुजली, तेव्हा दादाने कोयता उचलला.
बाबा म्हणाले, “ठेव तो. देवीचा हाय. तुला माजी शपत हाय.”
दादाने कोयता ठेवला.

रेवसकडच्या मचव्यातल्या मच्छीमारांना ते सापडले, तेव्हा दादा बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. बाबा केव्हाच गेले होते.

पुढचं ऐका.
होडी परत आली, म्हणजे नवस फेडायला हवा. गावाने तो नारळ देवळात फोडला. भरपूर पाणी निघालं त्यातून.
खोबऱ्याचा तुकडा दादाच्या हातावर ठेवला. त्याने तो मुकाट्याने खाल्ला. पुढेही दर मंगळवारी देवळात जायचा. राग धरला तो फक्त स्वतःवर.

मग काही वर्षांनी कादंबरी आली आणि गाव खवळलं.
पंच म्हणाले, “देवीचा नारल फोडला असा लिवतोस? खोटा लिवलाय बोल सगल्यांसमोर. नायतर वाळीत.”

आता खोटं तर ते होतंच. एक वाक्य बोलायचं आणि सुटायचं.
मी पण म्हटलं, “बोलून टाक ना दादा.”
“नाय जमत गो,” म्हणाला.

वाळीत पडलो. विहिरीवर आईशी कुणी बोलेना.
शहरात जावं, तर प्रोफेसर हार घालून ‘बंडखोर’ म्हणायचे. तिथेही याची मान खाली. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी पंचांनी आईला निरोप धाडला, पोराला समजव.
आईला वाचता येत नव्हतं. मी सहावीत होते. दुपारी मला समोर बसवून म्हणाली, “वाच. काय लिवलाय त्यानी ते ऐकू दे.”

मी वाचत गेले. नारळ फुटला त्या पानावर तिने माझा हात धरला.
“पानी पिला त्यानी?”
“हो, आई.”
“पोटभर?”
“पोटभर.”

मग ती उठून बाहेर ओट्यावर गेली. दादा जाळं सांधत बसला होता. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.
“खोटा हाय असा कुनासमोर बोलायचा नाय,” म्हणाली. “गाव बोलू दे काय बोलायचा तो.”
दादा लहान पोरासारखा रडला. बाबा गेल्यावर पहिल्यांदा.

आज सकाळी, उलव्याच्या फ्लॅटमध्ये, त्याच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं.
त्याने ते गिळलं.

जा दादा. बाबा वाट बघत असतील.
तुझ्या धाकट्या बहिणीचा तुला साश्रू नमस्कार.