टाकीचा नळ

दोन हजार एकच्या जानेवारीत शिडाच्या बोटीने रत्नागिरीहून सेशेल्सला निघालो तेव्हा बोटीवर आम्ही तिघंच होतो. साहेब, म्हणजे बोटीचे मालक, मालवाहू जहाजांवरून निवृत्त झालेले कप्तान. त्यांच्या पत्नी शाळेत शिकवून नुकत्याच रिटायर झालेल्या; त्यांना मी बाई म्हणायचो. आणि शिडं ओढायला मी. तीन आठवडे जमीन दिसणार नव्हती.

बाईंना समुद्र सोसत नव्हता. उलटी झाली की स्वतःच बादली धुऊन पुन्हा भाताला लागायच्या.

नवव्या दिवशी सकाळी नळातून नुसती हवा आली. आदल्या संध्याकाळी मी भांडी घासत असताना वारा फिरला, साहेबांनी हाक मारली आणि नळ तसाच सोडून मी वर धावलो होतो. दोनातली एक टाकी रिकामी झाली होती. त्यातलं सगळं गोडं पाणी बोटीच्या तळात.

साहेबांनी मला काही विचारलंच नाही. सरळ बाईंकडे वळले.

"जन्मभर पोरांना शिस्त लावलीस ना? स्वतःला नळ बंद करता येत नाही?"

"मी नाही उघडा ठेवला," बाई म्हणाल्या.

मी दोर गुंडाळत राहिलो.

त्या दिवसापासून साहेबांना आणि मला दिवसाला पाण्याचे सहा-सहा पेले आणि बाईंना तीन. पेला भरायचं काम माझ्याकडे. पण तो हातात देण्याआधी बाईंनी म्हणायचं, "चूक माझी." साहेब समोर बसून ऐकायचे. आवाज बारीक निघाला तर पुन्हा म्हणायला लावायचे. चौथ्या दिवशी बाईंचे ओठ फुटले. पाचव्या दिवशी त्यांनी साहेबांकडे बघणं सोडलं. 'चूक माझी' म्हणताना त्या माझ्याकडे बघायच्या.

एकदा साहेब झोपले होते, सुकाणूवर आम्ही दोघंच होतो.

"खरं सांग, नळ तू ठेवलास ना उघडा?"

"नाही, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या आणि ओढणी तोंडावर घेतली.

माझ्या वाटणीचा एक पेला मी बाईंना देऊ शकलो असतो. मला तहान लागायची, मी तो प्यायचो.

बंदराला लागलो त्या दिवशी बाई धक्क्यावरच्या नळाखाली बसून पाणी प्यायल्या, पिशवी उचलली आणि विमानाने घरी गेल्या.

मग मला धीर आला. साहेबांना म्हटलं, "नळ मी उघडा ठेवला होता."

ते हसले. "मेल्या, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुला तीन पेल्यांवर ठेवला असता तर शिडं कोण ओढणार होतं?"

मी उतरून जायला हवं होतं. उतरलो नाही. परतीच्या वाटेवरही शिडं मीच ओढली. मधूनमधून साहेब चिमटा घेत, "काय रे, नळ बंद केलास ना?" आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचो.