येळवशीचं माकड

माडीवरची आमची खोली पूर्वी ज्वारीच्या पोत्यांची होती. पोरगा आणि सून पुणं सोडून इथं आमच्या गावी, मुरूमला आले, त्यांनी तिथं कम्प्युटर मांडले आणि पोती जिन्याखाली आली. तेव्हापासून मला जिना अंग चोरून चढावा लागतो. तशीही मी अंग चोरूनच वावरते, त्यामुळं फार फरक पडला नाही.

त्यांचं काम मला सुनेनंच समजावलं. टीव्हीला जोडायचा एक डबा असतो. त्या डब्यासाठी केलेले खेळ साध्या कम्प्युटरवर चालतील असे करून द्यायचे.

"म्हणजे एकीच्या मापाचं पोलकं उसवून दुसरीला बसवायचं," मी म्हटलं.

"व्हय आत्या. फक्त नक्षी जागची हलू द्यायची न्हाय." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

पहिल्या खेळातला गडी डब्यावर सावकाश चालायचा. कम्प्युटरवर आला आणि कुत्रं मागं लागल्यासारखा पळत सुटला. त्याला आवरण्यात पावसाळा गेला. मग कामाला ठेवलेली तिघं दिवसभर त्याला भिंतींवर धडकवत बसली. एखाद्या भिंतीतून तो आरपार जातो का, ते बघायचं असतं म्हणे. शेजारणीनं मला नळावर गाठलं. "वर तुमची पोरं भिंतीला धडका घेत्यात म्हनं? कुनाला दाखवलं का?" मी नुसती हसले. मला उत्तर सुचतं ते घरी येऊन हंडा उतरवल्यावर.

ह्यांना हे काम पटलेलं नव्हतं. "जमलं तर जमलं. न्हाय तर जातील परत पुण्याला, आन् पोती वर जातील." ह्यांचा जीव पोत्यांत, माझा सुनेत. दिवसभर माझ्याशी बोलणारी घरात ती एकच.

यंदाचा खेळ अस्वल आणि माकडाचा होता. दोघांनी मिळून खेळायचा. अस्वल शहाणं निघालं, माकडानं मात्र सगळ्यांना रडवलं. खाली बसलं की ते कमरेपर्यंत जमिनीत जायचं. चहा घेऊन गेले की मी आधी दारातून त्याच्याकडं बघायची. पुढं सून म्हणाली, आता बसतंय नीट.

तो खेळ परदेशातल्या साहेबांना पडद्यावरून खेळून दाखवायचा होता. पसंत पडला तर पुढची कामं मिळणार होती, नाही तर खोलीला कुलूप. पुण्याच्या नोकरीचे फोन सुनेला येतच होते. दिवस ठरवताना तिनं साहेबांचं कॅलेंडर बघितलं. त्यात येळवस कुठून असणार?

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्या भागात गावात माणूस राहत नाही. सगळे रानात जातात, ज्वारीत बसून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खातात, ताकातली गार आंबील पितात. कामावरची तिघंही आपापल्या रानात गेली. हे पाहुण्यांना घेऊन सकाळीच पुढं गेले. मी पोरगा आणि सुनेसाठी मागं राहिले, कारण त्यांना उपाशी ठेवून माझ्या घशाखाली घास उतरला नसता.

भज्जीचा डबा घेऊन वर गेले तर दोघं एकमेकांकडं बघत होते. सून साहेबांशी बोलणार, पोरगा अस्वल चालवणार. माकडाला माणूस नव्हता.

"आई, बस इथं," पोरगा म्हणाला.

"मला न्हाय जमायचं. माणसं बघत्यात."

"ती तुमच्याकडं न्हाय, माकडाकडं बघणारेत आत्या. नुसतं धरून बसा."

माकड चालवायचं ते खेकड्यासारखं खेळणं तिनं माझ्या हातात दिलं. पडद्यावर दोन गोरे साहेब उगवले. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि नुसतं धरून बसले. अस्वल फळं गोळा करत फिरत होतं, माकड जागच्या जागी उभं. पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "आई, कायतरी दाब की!" माझी बोटं लाकडाची झाली होती.

एवढ्यात माकड आपणहून खाली बसलं.

पोराचा हात थांबला. सून इंग्रजी बोलता बोलता पडद्याकडं वाकली. मी मनात म्हटलं, बाबा रे, आज तेवढं जमिनीत जाऊ नको.

माकड गेलं नाही. त्यानं पोट खाजवलं, जांभई दिली, आडवं झालं आणि घोरायला लागलं. दोन्ही साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. काहीतरी बोलले. सुनेनं टेबलाखाली माझा गुडघा इतका दाबला की मी ओरडणार होते. सुनेनं मागनं सांगितलं, टीव्हीच्या डब्यावरचं मूळ माकड एकटं सोडलं की झोपायचं, आणि तेच साहेबांचं सगळ्यात लाडकं होतं. आमच्या पोरांनी त्याला इतका वेळ स्वस्थ कधी बसूच दिलं नव्हतं.

"काय इच्यारत्यात गं ते?" मी पदराआडून म्हटलं.

"माकड कोण चालवतंय म्हणत्यात."

"मग काय सांगितलंस?"

"आमच्या सगळ्यात जुन्या बाई हायत म्हटलं. खोटं हाय का?"

काम पसंत पडलं. आम्ही तिघं एका मोटारसायकलवर बसून रानात पोहोचलो, तेव्हा आंबील उन्हानं गरम झाली होती आणि हे भज्जीच्या पातेल्याजवळ तळमळत बसले होते.

"एवढा येळ काय करत होता?"

पहिल्यांदाच मला उत्तर जागेवर सुचलं. "काय न्हाय," मी म्हटलं. "काहीसुद्धा केलं न्हाय."

पोती अजून जिन्याखालीच आहेत.