जिथं गयाबाईचा हात पोचला नाही

आमची गयाबाई माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी चाल बघायची. गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या पायरीवर बसून ती रस्त्यानं जाणाऱ्याला हटकायची, "ओ भाऊ, डावा खुबा धरलाय तुमचा. उजव्यावर किती दिवस रेटणार?" माणूस अनोळखी असला तरी थांबायचा. कुणी चिडायचा, कुणी हसायचा, पण दोन दिवसांनी तोच लंगडत आमच्या दारात उभा राहायचा. मला या गोष्टीची लाज वाटायची. नवरा म्हणून बेचाळीस वर्षं मी लाजतच काढली.

दीड वर्षापूर्वी ती गेली. लचक, उसण, सरकलेला सांधा हाताला कळणारी बाई श्वासानं गेली. तेराव्याला आलेले सगळे "देवाची इच्छा" म्हणाले आणि जेवून गेले. देवाचा यात काही संबंध नव्हता. कुणाचा होता ते सांगायला मी बसलोय.

ही विद्या तिला बापाकडून मिळाली. तो वेरूळकडच्या एका खेड्यात बैलांचे सांधे बसवायचा आणि ही पोर दावं धरायची. माणसांचं काम तिनं नंतर सुरू केलं, पण तिचं मत बैलांबद्दलच चांगलं होतं. "बैलाला इचारावं लागत नाय, हात ठिवला की कळतं," ती म्हणायची. "माणूस लई सांगतो, अन् सांगतो त्ये समदं खोटं. दुखतं कंबरंत, दाखवतो गुडघा." एक रिक्षावाला मान धरून आला होता. "खाला, गर्दन फिरतीच नै." तिनं त्याला पाटावर बसवलं, मानेच्या मागं दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "फिरती कशी नाय? आत्ता त्या हिरव्या साडीवालीकडं फिरली की." तो लाजून हसला, मान सैल पडली, आणि तेवढ्यात तिनं आपलं काम करून घेतलं.

पलीकडच्या इमारतीत कुलकर्णी साहेब राहतात. कचेरीतून निवृत्त झालेले, सगळं माहीत असलेले. त्यांचा खांदा आखडला तेव्हा ते क्रांती चौकातून शरीराचा मोठा नकाशा विकत घेऊन आले. आधी अर्धा तास त्यांनी गयाबाईला खांद्यातल्या एकेका स्नायूचं नाव सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, बारसं उरकलं असंल तर हात वर करा." हात कानापर्यंत गेला आणि साहेबांची किंकाळी रस्त्यापर्यंत. जाताना ते नकाशा विसरले. गयाबाईनं तो बराच वेळ न्याहाळला. "ह्या माणसाच्या अंगावर कातडं नाय," ती म्हणाली, "अन् तरी कसा ऐटीत हुबा हाय बघा. साहेबाचाच कुणी असंल."

दुष्काळाच्या वर्षांत टँकरपाशी तर तिचा दवाखानाच भरायचा. बायका भरलेले हंडे वाकून उचलायच्या आणि तिथंच कंबर धरून बसायच्या. ही त्यांच्यावर ओरडायची, "कंबरंनं नाय, मांड्यांनी उचला! म्हशीवानी मांड्या दिल्यात देवानं, त्या काय नुसत्या बसायला?" बायका शिव्या द्यायच्या आणि मांड्यांनी उचलायच्या.

एक मात्र होतं. मोडलेल्या हाडाला ती हात लावायची नाही. "सरकलेलं माझ्याकडं, मोडलेलं दवाखान्यात." आणि कुणी छातीची तक्रार घेऊन आलं तर सरळ वाटेला लावायची. "बरगड्यांच्या आत माझा हात पोचत नाय, बाबा." हा नियम तिनं एकाच रोग्याच्या बाबतीत मोडला.

मी फरशी कापायचो. शहर तेव्हा चारी बाजूंनी फुगत होतं. प्यायला पाणी नव्हतं, पण प्रत्येकाला ओट्यावर काळा ग्रॅनाइट पाहिजे होता. दगड पाणी सोडत कापायचा असतो, म्हणजे धूळ जागेवर बसते. पण हंड्यासाठी डोकी फुटत होती, तिथं दगडाला पाणी कोण पाजणार? ठेकेदार म्हणाला, "कोरडंच चालवा." आम्ही चालवलं. संध्याकाळी मी घरी यायचो तो गिरणीवाल्यासारखा पांढरा होऊन.

सकाळी निघताना गयाबाई पिण्याच्या हंड्यातलं अर्धा पेला पाणी घ्यायची, माझं उपरणं भिजवायची आणि माझ्या नाकातोंडावर घट्ट बांधायची. संध्याकाळी कपडे धुवायला पाणी नसायचं. म्हणून मागच्या बोळात ते दोरीवर टाकून ती काठीनं बडवायची. बोळात ढग उठायचा. त्या ढगात ती उभी, तोंडाला पदरसुद्धा नाही. पदर धरला तर एक हात अडकतो, ही तिची अक्कल. आणि मी पायरीवर चहा पीत बसलेलो, ही माझी. पुढं पाऊस बरा झाला, पण नळ आठ-आठ दिवसांनीच यायचा. त्यामुळं बडवणं सुरूच राहिलं. मी काम सोडेपर्यंत.

खोकला आला तो किती तरी वर्षांनी. मी म्हणालो, "मिसरी सोड." तिनं सोडली. खोकला गेला नाही. मग ती जिना चढताना थांबायला लागली. मी म्हणालो, "दवाखान्यात चल." ती म्हणाली, "बरगड्यांच्या मधल्या मासाला उसण भरलीय. तेल लावा." वर्षभर मी रोज करडईचं तेल कोमट करून तिच्या बरगड्या चोळल्या. चोळताना माझं तोंड काही गप्प नव्हतं. "गावाची हाडं बसवती अन् स्वतःची उसण जात नाही. साहेबांना नकाशा घेऊन बोलावू का?" ती हसायची. हसली की खोकल्याची ढास लागायची. ढास थांबेना झाली तेव्हा मी तिला रिक्षात घातलं. त्या दिवशी ती नाही म्हणाली नाही. तेव्हाच मी घाबरलो.

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाची. छातीचा फोटो उजेडाला धरून म्हणाली, "आजी, फुप्फुसाला स्वतःचं बळ नसतं. बरगड्या वर उचलल्या जातात, खालचा आडवा पडदा खाली सरकतो, छाती मोठी होते आणि हवा आत ओढली जाते. ते काम करणारे तुमचे स्नायू धड आहेत. फुप्फुसच कडक झालंय, फुगत नाही."

"म्हंजी भात्याचा दांडा शाबूत हाय, कातडंच वाळलं," गयाबाई म्हणाली.

"अगदी बरोबर."

"मंग मी वरीसभर तेल चोळून घेतलं, त्ये?"

"त्यानं पाठ मऊ झाली असेल, आजी."

दोघी हसल्या. मग डॉक्टरीणबाईनं विचारलं, "घरात दगडाचं काम कोण करायचं?" मी चौथीतल्या पोरासारखा हात वर केला. तिनं माझाही फोटो काढायला लावला. माझ्या छातीत चार ठिपके होते, बस. "तोंडाला काही बांधायचात का?"

"ओलं उपरणं."

"म्हणून वाचलात. आणि कपडे कोण झटकायचं?"

गयाबाईच फणकारली, "फोटो छातीचा काढलाय ना? मंग कापडाचं काय इचारता?" डॉक्टरीणबाईनं मान खाली घालून औषधं लिहिली. बाहेर मला एकट्याला सांगितलं की हे बरं होणारं नाही.

शेवटच्या महिन्यांत ती स्वतःच्याच शरीरावर पाळत ठेवून असायची. एकदा माझं बोट धरून तिनं स्वतःच्या गळ्याशी, हाडाच्या वर ठेवलं. "बघा, पडदा दमला की मान मदतीला येती. हे मानंचं मास बरगड्या वर वढतंय. शेजारीण घरकामाला आल्यावानी." भेटायला आलेले कुलकर्णी साहेब म्हणाले, "गयाबाई, रोज दीर्घ श्वसन करा, फरक पडतो." ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "साहेब, टाकीच रिकामी... नुसती तोटी फिरवून... पाणी येतं का?" साहेबांनी चष्मा पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

एका दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती. मला राहवलं नाही. आजवर जे विचारलं नव्हतं ते विचारून टाकलं. "गया, हे माझ्यामुळं झालं का गं?"

मला वाटलं, नाही म्हणेल. बायका अशा वेळी नाही म्हणतात.

"व्हय," ती म्हणाली. "तुमच्याच कापडांनी. अन् बडवलं कुणी? मी." थोडा वेळ नुसती धाप. "रडायचं असंल तर मागनं रडा. भिंत टोचतीय. तुमची पाठ द्या. आडवं झालं की... पोट पडद्याला वर दाबतं."

मी तिच्यामागं पाट ठेवून बसलो, पाठीला पाठ लावून. तोंड माझं दाराकडं, तिचं देवळीकडं. तिची पाठ माझ्या पाठीवर फुगायची, बसायची, फुगायची. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. एक माणूस उजवा पाय ओढत चालला होता. मी म्हणालो, "गया, ह्याचा घोटा दिसतोय बघ." तिची पाठ बसली होती. मी माझी ताठ धरून तिच्या पुढच्या श्वासाची वाट बघत राहिलो.