मामाच्या बाटलीतलं लोखंड

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकतो, नंतर माझा धीर होणार नाही. लोखंडाला माझ्या मामाइतका जीव अख्ख्या डोंबिवलीत कुणी लावला नसेल. तो एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये होता आणि त्याचं ठाम मत होतं, की पुढे गाड्या पेट्रोलवर नाही, लोखंडाच्या भुकटीवर चालणार. समोर कोण आहे ते तो बघायचाच नाही. नौपाड्यात एका साखरपुड्यात व्याह्यांसमोर सुपारी धरून म्हणे, "हा खिळा समजा. खिळा पेटत नाही. पण तोच किसा, धुरासारखा बारीक करा, नुसती हवा लागली तरी भडकेल!" व्याही उठून लांबच्या खुर्चीवर गेले. दिवाळीत आम्ही फुलबाजी पेटवली की हा ओरडायचा, "अरे बघ, लोखंड जळतंय!" मामी खोबरं किसायला बसली की शेजारी उभा राहून, "अजून बारीक, अजून बारीक." मामी म्हणायची, "अहो, चटणी करतेय, रॉकेट नाही सोडायचंय."

मी आठवीत असताना त्याने खरंच तशी भुकटी केली. काळी, काजळीहून बारीक. तपकिरी बाटलीत हवेऐवजी दुसराच गॅस, बुचावर लाल मेण. दोन वर्षं साहेबांच्या मागे लागून त्याने खंडेनवमीची पाच मिनिटं मिळवलेली, मशीनची पूजा झाल्यावर, सगळ्यांसमोर. जमलं तर लॅबमध्ये स्वतःचं टेबल. नाहीतर हा विषय कायमचा बंद. घटस्थापनेला मामीने बाटली देवघरात ठेवली, रोज हळदकुंकू. "बुचाला हात लावायचा नाही," मामा मला म्हणाला. "तू राखणदार."

दुसऱ्याच दिवशी मी मेण खरवडलं. मला ती भडकताना बघायची होती ना! बूच जरासं सरकलं, मी घाबरलो, परत दाबलं आणि वरून मेणबत्ती ओघळवली. काहीच झालं नाही. म्हटलं, वाचलो.

खंडेनवमीला मामाने भुकटी ताटलीत ओतली आणि उडी मारून मागे झाला. भुकटी नुसती पडून राहिली. तांबूस. त्याने काडी लावली. काडी विझली.

"अहो, हा तर गंज," साहेब म्हणाले. "आपल्या गोडाऊनच्या पत्र्यावर फुकट मिळतो."

सगळे हसले. मीपण हसलो.

रिक्षात मामा एवढंच बोलला, "कुठून तरी हवा लागली रे. जळली ती, पण हळूहळू, आतल्या आत. जाळच नाही झाला."

नंतर त्याला पॅकिंगला टाकलं, डब्यांवर लेबलं लावायला. आज सात वर्षं झाली. परवा दिवाळीत मी मुद्दाम त्याच्या हातात फुलबाजी दिली आणि वाट बघत बसलो. त्याने विझलेली तार बादलीत टाकली आणि म्हणाला, "कुणाच्या पायाला भाजायला नको."

त्याचं मेण लाल होतं. माझी मेणबत्ती पांढरी. आणि बूच त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने काढलेलं.

तुमच्या बाबतीत झालंय का असं? की समोरच्याला सगळं माहितीये, आणि तो तुम्हाला एकदाही विचारत नाही?