शेवटच्या डब्यातली पॉप गाणी

काका आमच्याकडे राहायला आले ते दुर्गहून ऑटोने. बरोबर एक लोखंडी पेटी, एक वळकटी, एक टेपरेकॉर्डर आणि मांडीवर धरलेला बिस्किटांचा मोठा खोका. बाकीचं सामान ऑटोवाल्याने उतरवलं. खोक्याला मात्र त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. मला वाटलं, आत देव असतील. उघडल्यावर कळलं की कॅसेटी आहेत, वरपासून तळापर्यंत, आणि त्यात भजनाची एकसुद्धा नाही.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. छत्तीसगड नुकतंच वेगळं राज्य झालं होतं आणि शाळेत आम्ही नवा नकाशा रंगवत होतो. माझे बाबा प्लांटमध्ये, म्हणजे पोलादाच्या कारखान्यात होते. मी अगदी लहान असताना ते काविळीने गेले. त्यांच्या जागेवर आईला ऑफिसात नोकरी मिळाली आणि सेक्टर सहामधलं कंपनीचं क्वार्टर आमच्याकडेच राहिलं. म्हणून काकांशी दुसरं लग्न केल्यावर आई कुठे गेली नाही, काकाच आले. ते मालगाडीवर गार्ड होते, मूळचे गोंदियाकडचे. घरच्या जबाबदाऱ्यांत त्यांचं लग्न राहून गेलं होतं.

नवरा बायकोच्या क्वार्टरात राहायला आला, याची आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत बरीच थट्टा झाली. आईच्या कानावर ते यायचं. लोकांत जाणं तिने कमी केलं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती दाराजवळची खुर्ची धरायची आणि प्रसाद वाटायच्या आत निघायची.

मी त्यांना कशानेच हाक मारत नसे. 'काका म्हण' असं आई सांगायची. मी वाक्यंच अशी जुळवायचे की हाक मारायची वेळ येऊ नये. 'जेवायला वाढलंय' असं मी भिंतीकडे बघून म्हणायचे आणि ते भिंतीऐवजी उठून यायचे.

गाण्यांचं त्यांना वेड होतं, पण आमच्या ओळखीतल्या मोठ्या माणसांसारखं नाही. इतरांचे वडील जुनी सिनेमाची गाणी ऐकत आणि नव्या गाण्यांना नावं ठेवत. काकांना पॉप आवडायचं. तो काळच त्या गाण्यांचा होता. सिनेमा नाही, हिरो नाही, नुसता एक अल्बम यायचा आणि महिनाभर पानठेल्यावर, ऑटोत, लग्नाच्या वरातीत तेच वाजायचं. टीव्हीवर कोणी वाळवंटात गिटार घेऊन उभा, कोणी गच्चीवर पांढऱ्या कपड्यांत भिजतोय, कुठे पाचसहा पोरं एकाच तऱ्हेने हात हलवताहेत. काका पट्ट्यांची चड्डी आणि बनियन घालून समोर बसायचे आणि डोळे मिटून मान डोलवायचे.

आई एकदा म्हणाली, "अहो, या वयात हे कावून ऐकता?"

"ड्यूटीवर लागते ना," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. गार्डचा डबा सगळ्यात शेवटी. इंजिनातली माणसं पार पुढे, मधे कोळशाच्या नाहीतर लोखंडाच्या वाघिणी, आणि मागे हा एकटा. गाडी एखाद्या बारक्या स्टेशनाबाहेर थांबली की तासन्‌तास थांबायची. तिथे टेप न्यायला परवानगी नव्हती. म्हणून ते घरी प्रत्येक कॅसेट पाठ करायचे, नुसतं गाणं नाही, तर म्युझिकसकट. सुरुवातीचा ढोल, मधली बासरी, मागे 'हो हो' करणाऱ्या बाया, सगळं. डब्यात एकटे बसून ते अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचे, तोंडाने.

"अन् बाया बी तुमीच?" आईने विचारलं.

"मंग? अजून कोन हाय तिथं?"

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण मी अभ्यास सोडून तिच्याकडे पाहिलं.

पण शब्दांच्या बाबतीत आनंदीआनंद होता. अर्धी गाणी पंजाबी, आणि काकांना पंजाबीचं एक अक्षर येत नव्हतं. जे ऐकू येईल त्याच्या जवळचं काहीतरी मराठी ते बसवून द्यायचे. एके दुपारी ते कूलरमध्ये पाणी भरत होते आणि मोठ्याने गात होते. त्या गाण्यात प्रेमात पडलेली मुलगी होती, काकांच्या तोंडी मात्र "बैल गेला बांधावर, भाकर राह्यली ओसरीवर" असं काहीतरी चाललं होतं.

मी बराच वेळ सहन केलं. शेवटी राहवेना.

"तसं नाहीये ते."

त्यांनी बादली खाली ठेवली. "मंग कसं हाय?"

माझ्या वर्गात एक पंजाबी मैत्रीण होती. तिच्याकडून मला ते गाणं नीट कळलं होतं. मी शब्द सांगितले, अर्थ सांगितला. त्यांनी मन लावून ऐकलं, एकदा म्हणून पाहिलं आणि डोकं हलवलं.

"नाई. बैलवालं बरं हाय. यात पुढं काय होते ते तरी समजते."

मला हसू फुटलं. आमचं पहिलं खरं बोलणं ते. त्यानंतर रोज काहीतरी भांडण असायचं. कोणत्या गाण्यात ढोलकी आहे, कोणता गायक बेसुरा, टीव्हीवरच्या रविवारच्या कार्यक्रमात या वेळी पहिला नंबर कोणाचा. ते ड्यूटीवरून आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, "काय वं, माह्या मागं कोन वर चढलं?" या भांडणांत कधीतरी मी त्यांना 'काका' म्हणायला लागले. नेमकं कधी, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी सहावीत असताना मंडळाच्या गणपतीत मुलांचे नाच ठेवले होते. मी त्याच पंजाबी गाण्यावर नाचायचं ठरवलं. पंधरा दिवस बैठकीच्या खोलीत सराव झाला. काका टेपपाशी बसायचे, 'इथं गिरकी उशिरा झाली' म्हणून कॅसेट मागे घ्यायचे, पुन्हा लावायचे. आईने स्वतःची गुलाबी ओढणी कापून मला कमरपट्टा शिवला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरलेला होता. आई नेहमीच्या खुर्चीवर, दाराजवळ. काका तिच्या शेजारी, रेल्वेच्या पांढऱ्या शर्टात, कारण त्यांना तिथूनच ड्यूटीवर जायचं होतं. मी स्टेजवर उभी राहिले. गाणं सुरू झालं. पहिली गिरकी घेतली आणि गाण्याचा आवाज घोगरा झाला, लांबला आणि बंद पडला. टेपने कॅसेट खाल्ली होती. लावणाऱ्या दादाने झाकण उघडलं तर आतून फीत निघतच राहिली, शेवयांसारखी.

पहिल्या रांगेतली मुलं हसली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई पुढे येऊन म्हणाल्या, "चला, पुढचा कार्यक्रम घेऊ या."

मला रडू येत होतं. पायही उचलेना. तेवढ्यात हॉलच्या मागून काका चालत आले, सगळ्यांच्या मधून. त्यांनी त्या बाईंना नमस्कार केला आणि त्यांच्या हातातला माइक मागून घेतला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू नाच. मी हाय."

आणि त्यांनी ढोल सुरू केला. तोंडाने. गाल फुगवून, मान हलवून, अगदी कॅसेटमध्ये होता तसाच. मग तुंबी, ती पंजाबी एकतारी. मग बाया. हॉलमध्ये जो हशा उठला तो मला आजही ऐकू येतो. मला वाटलं, जमीन दुभंगावी. ते कोणाकडे बघत नव्हते. फक्त माझ्या पायांकडे बघत होते, गिरकीची जागा आली की भुवया उंचावत होते. मग ते गायला लागले आणि मला कळलं की ते खरे शब्द म्हणताहेत. मी शिकवलेले, पंजाबी, एकही न चुकता.

मी नाचायला लागले. दुसऱ्या कडव्यापर्यंत हशा चालू होता, पण त्याचा रंग बदलला होता. कोणीतरी ठेका धरला. मी त्या बाजूला पाहिलं तर आई होती. ती उभी होती, दाराजवळ नव्हे तर मधल्या वाटेत, आणि डोक्याच्या वर हात नेऊन टाळ्या वाजवत होती. आईला मी असं कधी पाहिलं नव्हतं. हळूहळू अख्खा हॉल तिच्या टाळीत सामील झाला. मधल्या बासरीला काकांचा श्वास पुरेना, तर लोकांनी ती शिट्टीने भरून काढली.

नाच संपल्यावर काकांनी माइक परत दिला, घड्याळ पाहिलं आणि स्कूटर काढून दुर्गला पळाले. आई त्या दिवशी प्रसाद वाटायला थांबली. आमच्या लाइनीतली एक काकू तिला म्हणाली, "तुमच्या मिस्टरांचा गळा बाई मोठा दमदार." आईने तिला प्रसादाचा आणखी एक द्रोण दिला.

नंतर कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. मी शिकायला नागपूरला गेले. आता नोकरीला पुण्यात आहे. काका आणि आई दोघंही निवृत्त झाले, क्वार्टर सोडून जवळच्याच कुरुदला छोटं घर बांधलं. तिथे शेतं जाऊन नव्या कॉलन्या उभ्या राहताहेत.

मागच्या उन्हाळ्यात गेले होते. काका भाजी आणायला गेले होते आणि मी आईबरोबर अंगणात बसले होते. सहज विचारलं, "तू त्यांना लग्नाला हो कावून म्हटलं?"

आई शेंगा सोलत होती.

"आधी दोघंतिघं पाहून गेले ना," ती म्हणाली. "कोनी पगार विचारला, कोनी क्वार्टरचं विचारलं. यायनं चहा घेतला अन् म्हने, पोरीले काय आवडते? मले सांगताच नाई आलं. तवा ते म्हने, चालते, मंग मीच विचारीन तिले."

फाटक वाजलं. काका आले होते, दोन्ही हातांत पिशव्या. आई उठली आणि त्यांच्या हातातली जड पिशवी तिने आपल्याकडे घेतली.